विल्सनने ओट्यावर मागितलेली प्रार्थना

शुक्रवार, संध्याकाळ

आज रोझरीची प्रार्थना आमच्या घरी होती. वसईतल्या सांडोरची आमची अख्खी आळी ओट्यावर बसलेली. शेवटी ज्याने त्याने आपली विनंती मोठ्याने मांडायची असते आणि बाकीच्यांनी एका सुरात तिला दुजोरा द्यायचा असतो. विल्सन डोळे मिटून म्हणाला, "माझ्या बायकोची लक्ष लागायच्या गोळीची सवय सुटावी म्हणून प्रार्थना करू या."

सवय? नवरा आहे माझा! डॉक्टर समजावून सांगत होते तेव्हा शेजारच्या खुर्चीत बसला होता. माणिकपूरच्या मेडिकलमधून गोळ्या तोच आणतो. चाळिशीत पहिल्यांदा मी हातातलं काम पुरं करायला लागले, हे त्याने पाहिलंय. आणि कुणाला सांगणार नाही, असा शब्द त्यानेच दिला होता.

जाताना अ‍ॅग्नेस मावशीने गाल कुरवाळला. "बाय, देव सोडवील तुला." जशी काही मी दारू पिते.

सगळे गेल्यावर त्याला विचारलं, तर म्हणतो, "अगं, देवाकडेच मागितलं ना?" मग मनातल्या मनात मागता येत नव्हतं? डोळे मिटून म्हणे. माझ्याकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून मिटले.

पण खरं जळतंय ते वेगळंच. संध्याकाळी गोळीचा जोर उतरलेला असतो. माझं लक्ष चहा किती जणांना लागेल, त्यात. विल्सनचे शब्द डोक्यात शिरेपर्यंत मी सगळ्यांबरोबर, चांगल्या मोठ्या आवाजात, बोलूनही गेले होते: "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."