चार नंबरच्या टाकीचं पाणी

४ मार्च
पोहोचलो एकदाच्या! मी, माझी लेक ठमी, दोन ट्रंका आणि तिची लंगडी बाहुली. रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेची नोकरी आणि वर राहायला घर फुकट. नशीबच फळफळलं म्हणायचं. चार नंबरचं घर कसं लख्ख आहे, गच्चीवर फक्त आमच्यासाठी वेगळी टाकी. ठमी नळाखाली इतकी डुंबली की शेवटी कान धरून बाहेर काढली. नियम म्हणून दोघींचं रक्त घेतलं, तेव्हा तिनं भोकाड पसरलं. साहेबांनी स्वतः उचलून घेतलं तिला. देवमाणूस दिसतो.

११ मार्च
काम मजेचं आहे. आमचे जंतू मुद्दाम अधू केलेले, काचेच्या बशीत वाढतच नाहीत. त्यांच्यावर रसायन घालायचं. त्यानं जनुकात बदल झाला की काही जंतू पुन्हा धडधाकट होतात आणि बशीत ठिपके उगवतात. ठिपके जास्त, तर त्या रसायनानं माणसाला कॅन्सर होण्याची भीती जास्त. रंग पक्का करणारं नवं रसायन तपासलं, पाण्यासारखं बिनरंगी, ना वास ना चव. बशी बघून हबकलेच, गोवर उठल्यासारखी! साहेब म्हणाले, गिऱ्हाइकांना जंतूंचं कौतुक नाही, माणसाला किती सोसतं ते विचारतात. मी म्हटलं, मग काय माणसं बशीत घालायची? खूप हसले.

१९ एप्रिल
पुन्हा रक्त घेतलं. नियम म्हणे. एका बशीत नुसतं शुद्ध पाणी घालायचं असतं, बाकीच्या तिच्याशी ताडून बघायच्या. आज ते संपलं होतं. डब्याबरोबर घरून आणलेल्या बाटलीतलं घातलं. आळस, दुसरं काय!

२१ एप्रिल
त्या बशीत गोवर. माझ्याच हातून काहीतरी सांडलं असणार. पुन्हा लावली.

२३ एप्रिल
पुन्हा तेच. शेजारच्या घरच्या नळाचं पाणीही लावलं होतं, ती बशी स्वच्छ. म्हणजे फक्त आमची टाकी.

२४ एप्रिल
साहेबांना जाब विचारला. नाकारलंसुद्धा नाही. रोज त्या नव्या रसायनाचे थोडे थेंब टाकीत पडतात म्हणाले, माणसाच्या जनुकात बदल कधी दिसतो ते बघायला. माझ्या रक्तात अजून काही नाही. ठमीच्या रक्तात आहे. लहान मुलांत लवकर दिसतं म्हणे. हे सांगताना चहात बिस्कीट बुडवत होते. मेल्या, तुझं वाटोळं होवो!

२५ एप्रिल
ट्रंका भरल्या. साहेब दारात येऊन म्हणाले, खुशाल जा. टाकी धुऊन झाली आहे. पोरीच्या पोटात काय गेलं, किती गेलं, ते फक्त त्यांना ठाऊक. बाहेरचा डॉक्टर चाचपडत बसेल. राहिले तर समोरचं घर, चांगलं पाणी, ठमीवर उपचार. चार नंबरमध्ये दुसरं कुटुंब येईल, तेव्हा मी तोंड उघडायचं नाही, एवढंच.
ट्रंका रिकाम्या केल्या.

३ मे
आले. वायरमन, त्याची बायको आणि ठमीएवढी मुलगी. बाईनं मला ताई म्हटलं, घर कसं आहे विचारलं. चांगलं आहे म्हटलं मी. पाणी? भरपूर आहे म्हटलं. जीभ कशी झडली नाही माझी!

६ मे
ठमीला बजावलं, त्या घरात पाऊल टाकायचं नाही. का, का, का — धपाटा घातला. मग मीच रडत बसले.

३० मे
ठमीच्या रक्ताचा निकाल. बदल थांबायला हवे होते. वाढलेत. साहेब चिडले, आकडे बिघडवले म्हणे आम्ही. इथलं पाणी मी स्वतः तपासलंय, स्वच्छ आहे. मग कुठून —

खिडकीतून दिसतंय. अंगणात दोघी. वायरमनच्या पोरीच्या गळ्यात पाण्याची बाटली. एक घोट ती, एक घोट ठमी. खिदळतायत. रोजचंच असणार हे. देवा —

ओरडायचं तर तिची आई तिथंच उभी. का ते विचारेल. साहेब व्हरांड्यात, माझ्याकडेच बघतायत. बोलले तर उपचार — नाही बोलले तर —

बाटली संपली. ती बाई हसत ठमीला आत बोलावतेय, भरून द्यायला. ठमी उंबऱ्यावर थबकली. माझ्या खिडकीकडे बघतेय, जाऊ का म्हणून. मी मान —