बोगद्यात सगळ्यांत मागे

प्रिय लंबू,

परवा फोनवर तू विचारलंस, 'तुझ्या शेजारची माझी खोली विकू का?' आणि मी फटकन म्हणून गेले, 'विक की, माझं काय अडलंय!' तुझा लेक तुला त्याच्याकडे घेऊन गेल्यापासून मी अशीच तोऱ्यात बोलते. म्हणून आज मशीन बंद करून लिहायला बसलेय. समोर कुणाचा तरी कोट उसवून पडलाय. गिऱ्हाईक बोंबलू दे.

रविवारी तो डोंगरातला बोगदा पाहून आले. हो, तोच, 'गुडघे बरे झाले की जाऊ' म्हणत आपण वर्षानुवर्षं पुढे ढकललेला. तुझ्या गुडघ्यांची वाट पाहत बसले असते तर मला चौघांच्या खांद्यावरून जावं लागलं असतं. एका ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये नाव घातलं. सगळी तरणी पोरं. 'काकू, हळू', 'काकू, पाणी प्या', जीव नकोसा केला मेल्यांनी.

पाणी पलीकडे न्यायला गावकऱ्यांनी छिन्नी-हातोड्याने खोदलाय तो. दोन्हीकडून खणत आले, पण मधोमध गणित जरा चुकलंच. तिथे बोगदा वाकडा होतो आणि दोन्ही तोंडांचा उजेड जातो. छिन्नीच्या खुणा अजून बोटांना लागतात. कापडाचा पोत बघावा तसा मी हात फिरवत गेले. छत इतकं खाली, की तुला टेंगूळ ठरलेलं. मी मात्र ताठ मानेने चालले. बुटकेपणाचा असा फायदा जन्मात पहिल्यांदाच झाला.

आत चालायची त्यांची एक पद्धत आहे. पुढच्याच्या सॅकचा पट्टा धरायचा, आणि पुढून आलेली सूचना मागच्याला सांगायची. 'पाणी आहे.' 'दगड निसटतोय.' शेवटच्याने 'पोचलं' म्हणून ओरडायचं. शेवटची मी. त्या वळणावर सूचना आली, 'डोकं सांभाळा.' आणि मी, कसलं पोचलं नि कसलं काय, मागे वळून म्हटलं, 'लंबू, वाक गं, डोकं सांभाळ.' मग थांबले. तू आता 'हो गं बाई, कळतं मला' म्हणून खेकसशील म्हणून. मागे कुणीच नाही. हातातला पट्टाही सुटला. आमचा म्होरक्या, शाळेतला चित्रकलेचा मास्तर, पुढून ओरडतोय, 'पोचलं का?' मी अजून मागेच बघत उभी. शेवटी तोच उलटा आला आणि हात धरून मला बाहेर घेऊन गेला. पोरांना वाटलं, काकू अंधाराला घाबरल्या. अंधाराला कोण भितंय! बाहेर उन्हात बसून मी ढसाढसा रडले गं.

आता हे सगळं तुला का सांगतेय? कारण आज-उद्या दलालाचा फोन येईल, खोली घेणारे फिरले म्हणून. काल ते जोडपं बघायला आलं होतं. किल्ली माझ्याकडे, म्हणून मीच दाखवली. माणसं चांगली होती, त्यांना खोली आवडलीही होती. मी सांगितलं, भिंतींना ओल आहे, छत गळतं आणि शेजारीण महाखडूस आहे. यातलं शेवटचं तेवढं खरं. तुझं नुकसान केलंय मी, माहीत आहे. पण मला एकटीला राहवत नाही, लंबू. तुला माझ्याशी भांडायचं असेल, तर फोनवर भांडू नकोस. इथे येऊन भांड.

तुझीच,
बुटकी