बुच्या आणि नाल्यापलीकडची हलगी

प्रिय अण्णा,

पुसेगावचा एक माणूस आज दुसऱ्यांदा दारात येऊन बसला, म्हणून तुला लिहायला घेतलं. तुझा बुच्या मागतोय. म्हणे मेंढरांच्या राखणीला पाहिजे. राखणीला कुत्रं नेणारा माणूस आधी त्याचं भुंकणं ऐकतो, पंजे बघतो. ह्यानं लांबूनच विचारलं, "दात शाबूत हायेत का?" मला काही तो माणूस बराबर वाटला नाही.

तू म्हणशील, तुला कोण बराबर वाटतं रे? खरंय, मी जन्माचा संशयी. त्यात सध्या दिवसही तसलेच. निजामाचं राज्य राहतं का जातं कुणाला ठाऊक, अनोळखी माणूस दिसला की गाव कड्या लावून घेतं. पण तुझ्यावर संशय घेतला त्यात दिवसांचा काही दोष नव्हता.

जत्रेतल्या झुंजीत हरलेलं ते कुत्रं तू घोंगडीत गुंडाळून आणलंस, आठवतं? मालक त्याला तिथंच टाकून गेला होता. कान मुळापासून कापलेले, म्हणून नाव बुच्या. आपल्या मेंढरांना त्यानं कधी दात लावला नाही. पण चार माणसं जमली की तो तुझ्या पायांमागं लपायचा, आणि हलगी वाजली की समोर दिसेल त्याच्या अंगावर जायचा. झुंज लावताना हलगीच वाजवतात ना! गोरेगावच्या बाजारात त्यानं एकाची पोटरी फोडली, तेव्हा आपल्या गावचे पाटील म्हणाले, "आणखी एक डाव असं झालं तर गोळी घालीन त्याला."

त्यानंतर तू रोज दुपारी नाल्याकडं जायला लागलास. फडक्यात भाकर, सोबत बुच्या. विचारलं तर म्हणायचास, "मेंढराला पाणी दावून येतो." मेंढरं तर लिंबाखाली बसलेली असायची! मग नाल्याकडून हलगी ऐकू येऊ लागली. गावात लग्न नाही, मयत नाही, मग भर दुपारी हलगी कशापायी? एक दिवस मागोमाग आलो. पलीकडच्या काठावर आपल्या गावचा हलगीवाला कोंडबा, अलीकडं तू आणि बुच्या. तेवढंच पाहिलं आणि माघारी फिरलो. मनात म्हटलं, अण्णा ह्याला पुन्हा झुंजीला तयार करून राहिला.

तुला विचारायचं सोडून मी कोंडबाला गाठलं. दम दिला, "पुन्हा वाजवलीस तर पाटलाला सांगीन." त्यानं मान खाली घातली. "तुमच्या अण्णालाच इचारा की," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून हलगी बंद झाली.

तुला कळलं असणारच. जेवताना माझ्याकडं नुसता बघत राहायचास. काहून बोलला नाहीस, अण्णा? एक शब्द टाकला असतास तर मी कोंडबाच्या पाया पडून त्याला परत आणलं असतं. का माझ्यावर तुझाही भरवसा उरला नव्हता? पंधरा दिवसांत तुला ताप भरला आणि विचारायचं राहूनच गेलं.

तुझ्या मयतीला हलगी लागणारच होती. मी बुच्याला दोन दोरांनी लिंबाला बांधलं. पाटील बंदूक घेऊन माणसांमागं उभे होते. कोंडबानं पहिली थाप मारली, चार पावलं झाली नसतील, तोवर बुच्या दोर तोडून आला. बायका ओरडत बाजूला झाल्या. पाटलांनी बंदूक उचलली.

तो कुणाच्या अंगावर गेला नाही. शेपूट हलवत सरळ तिरडीपाशी आला आणि कापडावरून तुझा हात हुंगायला लागला.

कोंडबा वाजवायचा थांबला. "मारू नका, पाटील. भाकर मागून राहिला तो. हलगी वाजली की अण्णा त्याला भाकर द्यायचे. मी रोज चार पावलं जवळ यायचो. नाला वलांडायचा तेवढा राहिला व्हता."

का राहिला, ते कोंडबानं सांगितलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. बुच्या तुझ्या हाताशी बसून होता आणि माझ्याजवळ भाकरीचा तुकडा नव्हता. तेव्हा मी रडलो, अण्णा.

पाटलांनी बंदूक खाली केली. म्हणाले, "तेराव्यानंतरच्या बाजारात माणसात फिरवून दाव. न्हाई जमलं तर देऊन टाक कुणाला." पुसेगावच्या माणसाला ह्याचीच कुणकुण लागली असणार.

काल कोंडबाच्या घरी गेलो. माफी मागायला वाकलो तर तो मागं सरकला. त्यालाही आता माझा संशय, आणि त्याचं बरोबरच आहे. मग म्हणाला, "उद्या दुपारी या. भाकर आना, शिळी बी चालते."

आज कोंडबा वाजवत नाला ओलांडून अलीकडं आला. बुच्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले, पण तो जागचा हलला नाही. मी भाकर पुढं केली. माझ्या हातून त्यानं घेतली नाही. खाली ठेवून दोन पावलं मागं आलो, तेव्हा माझ्यावर नजर ठेवूनच खाल्ली.

पुसेगावच्या माणसाला मी हात जोडून वाटेला लावलंय. बाजाराला पाच दिवस आहेत. बुच्याचा दोर मीच धरणार, कोंडबा बाजूनं चालणार. ह्यापुढं बुच्याच्या कानावर जिथं कुठं हलगी पडेल, तिथं माझ्या हातात भाकर असेल.

तुझा संशयी धाकटा,
किसन