रुजलेले पिल्लू

कळंब,
१० नोव्हेंबर

श्री. सदाशिवराव यांना,

नमस्कार. घर ठीक, मी ठीक. हिरड्या दाखवायला म्हणून आपल्या पिंटूकडे नागपूरला गेलात ते दिवाळी उलटली तरी तिथेच आहात. फोनवर सूनबाई स्पीकर लावते, म्हणून पत्र.

आधी हिरड्यांचे. कोरफडीचे पान कापून उभे ठेवायचे, पिवळा चीक गळू द्यायचा. मग धुऊन, सोलून, आतला गर हिरड्यांवर हलक्या बोटाने चोळायचा आणि चूळ भरायची. गिळायचा नाही. डॉक्टरांचे औषध सोडायचे नाही, कोरफड जोडीला. तिथे चोरून तंबाखूचा खर्रा खात असाल, तर कशाचाच उपयोग नाही.

तुमच्या हिरड्यांचे ऐकून शेजारच्या देवीलालने दारावर नजरेसाठी उलटी टांगलेली कोरफडच कापली आणि चिकासकट तोंडात घातली. त्याची बायको मानीबाई माझ्यासमोर त्याला म्हणाली, "दाराची कोरफड खाल्ली ना? आता तिथं तुमालेच उलटं टांगीन!"

तो तोंड वाकडे करून बसला. जाताना म्हणाला, "काकू, काका कवा येते? खर्रा सोडला म्या, पण बसू कोनापाशी?"

"मला विचारू नकोस," म्हटले.

पिंटू फोनवर म्हणतो, गॅलरीत तुमची खाट टाकली, बाबा आता इथेच राहतील. मागून तुम्ही "बघू" म्हणालात. मला ऐकू आले.

रविवारी तो कोरफडीची कुंडी न्यायला आला, तेव्हा त्यात लावलेले कोरफडीचे पिल्लू रुजले नाही असे मी सांगितले. खोटे सांगितले. चांगली मुळे धरली आहेत. तेही त्या गॅलरीत गेले असते, तर तुम्हाला परत यायला निमित्त काय उरले असते?

कापूस वेचणाऱ्या बाया गेल्या की घरात आवाज नसतो. तुमच्या पिचकाऱ्यांवरून ओरडायचे, तेच माझे दिवसभराचे बोलणे होते, हे ध्यानात आले नव्हते. काल मोरीतल्या भांड्यांवर ओरडले.

दातांचे डॉक्टर यवतमाळलाही आहेत. चौकशी केली. सकाळच्या एसटीने जाऊन दुपारी परतता येते. मी सोबत येईन.

येणार की नाही, ते स्वतःच्या हाताने लिहून कळवा. पिंटूकडून निरोप नको.

वाट पाहते आहे. हे वाक्य माझ्याकडून पुन्हा लिहून होणार नाही.

विमल