डाव्या हातावरचा जपानी मासा

३ मार्च २०२५, सोमवार. दुपारी ४.१०
पार्सल कात्रीने कापत होतो. टेप ओढली की खोका फाटतो, म्हणून कात्री. आत जपानी गोंदणाच्या फोटोंचे पुस्तक. वजन दोन किलो सहाशे (बाबांच्या किराणा दुकानातल्या काट्यावर). पानापानावर पाठमोरी माणसे आणि त्यांच्या पाठभर ड्रॅगन, लाटा, मासे. मजकूर जपानीत. त्याने अडत नाही. मजकुराने लक्ष विचलित होते.
ठरले. आजपासून नावे, बदाम, त्रिशूळ गोंदणे बंद. लातुरात टॅटूवाले पुष्कळ, जपानी पद्धतीचा एकही नाही. तशी पाटी करायची. ‘पद्धत’ नीट लिहून देणे, पेंटर ‘पध्दत’ करतो.
पैसे अण्णाराव मामांनी दिले. रेफरन्स बुक घ्यायचे आहे, असे सांगितले होते. शंभर टक्के खरे.

५ मार्च
आईने पुस्तक चाळले, मिटले आणि त्याला वर्तमानपत्राचे कव्हर घातले. म्हणाली, "उघडी माणसं हायत सगळी. देवघराकडं ठेवू नको, संगू." बाबा म्हणाले, बारावीला दोनदा बसून झालं, आता हे. दुकानात ये, तांदूळ मोज.
मी पुस्तक उचलून खोलीत गेलो. कलाकाराने शांत राहावे.

११ मार्च
तीन गिऱ्हाइके परत पाठवली. एकाला बायकोचे नाव हवे होते, दोघांना इन्फिनिटी. म्हणालो, त्यापेक्षा पाठ द्या, दोन वर्षे लागतील. त्यातला एक म्हणाला, "पाठ तर लई दुखून राहिली भाऊ, गोळी देता का?"
लोकांची समज वाढायला वेळ लागेल. तोवर नमुना स्वतःच्याच अंगावर. पान ८७, हाताला वेढा घातलेला कोय मासा.

१३ मार्च, संध्याकाळी ६
झाला! डावा हात, मनगट ते कोपर. फोटोबरहुकूम, एक रेष जास्त नाही. माशाचे डोके आणि शेपूट वळून हाताच्या मागच्या बाजूला गेले आहे. ती बाजू फोटोत दिसत नाही, म्हणून काढली नाही. अंदाजपंचे काम आपल्याकडे नाही. लाल शाई नांदेडहून आली नाही, तूर्त हिरवी वापरली.
आईला दाखवला. "काय हाय ते?" मासा आहे, म्हणालो. ती खालीच बसली. आपण लिंगायत, घरात कधी अंडं आलं न्हाई, अन् गळ्यात लिंग घालणाऱ्या पोराच्या हातावर मासा! "उदगीरची सोयरीक जमून राहिली, तवाच सुचलं का रे तुला हे?"
सुया उकळल्या, हातमोजे दोनदा बदलले, सगळे पाहिले होते. मासा हा मासा असतो, एवढेच राहून गेले.

१५ मार्च
उदगीरची सोयरीक म्हणजे सृष्टी. तेलाचे व्यापारी रेवणप्पा यांची मुलगी. व्हिडिओ कॉलवर दोनदा बोललो, दोन्ही वेळा मनापासून हसली. मला ही मुलगी हवी आहे. हे फक्त इथे लिहितो.
उपाय: फुल बाह्यांचे शर्ट, दोन. आता काळजीचे कारण नाही.

२३ मार्च, रविवार
उदगीरला जाऊन आलो.
सृष्टीने विचारले, एवढ्या उन्हात फुल शर्ट? सवय आहे, म्हणालो. हसली. सगळे छान चालले होते. मग रेवणप्पा म्हणाले, "चला, पूजा करून घ्या, मग ताटं वाढू."
हे डोक्यातच आले नव्हते. त्यांच्याकडे पूजेशिवाय घास नाही. शर्ट काढून पाटावर बसायचे आणि लिंग घ्यायचे डाव्या तळहातावर. उजव्यावर चालेल का, असे विचारून पाहिले. रेवणप्पांनी अशा नजरेने पाहिले की मुकाट्याने डावा पुढे केला.
पूजा संपेपर्यंत हात सगळ्यांसमोर. रेवणप्पा बघतच राहिले. सृष्टी ओढणी तोंडाला लावून आत पळाली. आई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती, ते पूजेतले नव्हते.

२५ मार्च
नकार आला. जेवलो नाही. नंतर दोन भाकरी खाल्ल्या.
पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. काम इतके जिवंत की एक शाकाहारी घर हादरले. लाल शाई असती तर कुणी जागेवर थांबले नसते. सृष्टीला तो ताण सहन झाला नाही.

२७ मार्च. बाबांच्या दुकानातून
मामा आले. आधी विचारले, पुस्तक घेतलंस, परीक्षा कधी? मग रेवणप्पांचे म्हणणे सांगितले. "पोरगं गुणाचं हाय हो अण्णाराव. पण हातभर दोडका गोंदून घेतलाय. का घेतला, ते इचारायचं धाडस झालं न्हाई."
सृष्टी आत जाऊन हसून हसून रडली म्हणे.
मी पान ८७ उघडून दाखवले. मामांनी चष्मा लावून फोटो पाहिला, मग माझा हात. म्हणाले, "फोटोत मासाच हाय. हातावर दोडका हाय."
आईने माझा हात उजेडात धरून निरखला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला. "दोडकाच की रे! शाकाहारी हाय," म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

हिशेब.
खर्च: पुस्तक ४,२०० रु. हिरवी शाई ३५०. फुल शर्ट १,१००.
देणे: मामांना ४,२००, आणि परीक्षेची तारीख.
जमा: ॲडव्हान्स ५० रु., दुकानासमोर बसणाऱ्या नीलाबाई भाजीवाल्यांकडून. माझा हात बघून आल्या. त्यांना वांगे हवे आहे.