बंद घराची नोंद

नेरूळ,
६ ऑक्टोबर २०२४

ती. मारोतीमामांस,
सविनय जयभीम, वि. वि.

कानाचे यंत्र अजून कपाटातच आहे असे आईकडून कळले. म्हणजे फोन करून उपयोग नाही. बसले बापडी पत्र लिहायला.

सोबत दोन पाने आहेत. इथल्या दिवाळे गावातल्या मासळी विकणाऱ्या बायकांचे हात बर्फाने आणि खाऱ्या पाण्याने फुटतात. आमच्या रुग्णालयातर्फे साठ जणींना सहा आठवडे मलम दिले, सकाळी आणि रात्री लावायला. त्याचा पेपर मी इंग्रजीत लिहिला. परीक्षकांनी लिखाण सुधारा म्हणून तो परत पाठवला. तीन आठवडे वाक्ये घासते आहे. त्या बायकांसाठी मराठीत सारांशही द्यायचा असतो, तेवढा तुम्ही वाचा. आरोग्यसेवक म्हणून तुमची तीस वर्षे खेड्यांत गेली. तुम्हाला कळले तर सगळ्यांना कळेल. महिनाअखेर पेपर गेला नाही तर माझी बढती वर्षभर लांबेल, म्हणून ही घाई.

मामींना जयभीम. तांबडी शाई वापरताना हात आखडू नका, माया करताना तर नाहीच.

तुमची,
मितू

*

महाड,
११ ऑक्टोबर २०२४

चि. संघमित्रा हीस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरीणबाईंनी आमच्यासारख्या दहावी पास माणसाला परीक्षक केले, छाती फुगली. पाने दोनदा वाचली. मामीलाही वाचून दाखवली, तिला सगळे समजले. बावन्नपैकी शेहेचाळीस जणींचे हात बरे झाले याचा आनंद वाटला. तांबडी शाई एकाच ठिकाणी लागली. आठ महिला संपर्कात राहिल्या नाहीत, असे तू लिहितेस. कुठे गेल्या? दिवाळे तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

रागावू नकोस. हिवतापाच्या कामात आम्ही दर पंधरवड्याला घरोघर ताप विचारत फिरायचो आणि भिंतीवर तारीख टाकायचो. दार बंद असले तर वहीत बंद लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे, असा नियम. एकदा मी पुन्हा गेलो नाही. चढाचा कंटाळा आला, एवढेच कारण. माझा जुना दोस्त गोटीराम, त्याचे घर ते. तो तेव्हा मुंबईला कामाला होता. त्याची आई आत तापाने पडली होती, तिला दारापर्यंत येववत नव्हते. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनी दार मोडले, तोवर ती गेली होती. साहेबांनी माझी वही तपासून उत्तम असा शेरा दिला. अक्षर चांगले होते माझे.

अडतीस वर्षे हे कुणाला सांगितले नाही, मामीलासुद्धा नाही. पेपर तुझा आहे, पुढचे तू ठरव. तब्येत सांभाळ, म्हाताऱ्याचा राग धरू नकोस.

तुझा,
मारोतीमामा

*

नेरूळ,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
सविनय जयभीम.

खरे सांगते, राग आला होता. आठ दिवस तुमचे पत्र ड्रॉवरमध्ये पडून होते. मग एका रविवारी दिवाळ्याला गेले.

त्या आठ जणींतली पहिलीच गिरजाबाई भेटली. तिचे म्हणणे, मलम बेस हाय, पन सकाली लावला का हात बुलबुलीत व्हतो, कोयता धरवत नाय. मासळी कापताना तो सटकला आणि अंगठ्याला पाच टाके पडले. मला का नाही सांगितले असे विचारले, तर म्हणाली की तुमी एवऱ्या मायेनं दिला, तुमाला वाईट वाटला असता. सात जणी सापडल्या. पाच जणींची तीच तक्रार होती, दोघींच्या गिऱ्हाइकांना मासळीला औषधाचा वास यायचा. मामा, साठ जणींचे हात मी भिंगाखाली पाहिले, पण ते दिवसभर काय धरतात हे मला सुचले नाही. मला फार लाज वाटली.

आमचे विभागप्रमुख विलास सर म्हणाले की असे वाक्य सगळेच लिहितात, आठ जणींसाठी कशाला अडून बसतेस. तरी पेपर पुन्हा लिहिला. आता शेहेचाळीस हा आकडा साठांपैकी आहे, अंगठा आहे, आणि मलम फक्त रात्री लावावे असे आहे. मुदत टळली, यंदाची बढतीही गेली. त्या संध्याकाळी घरी येऊन रडले.

काल बाजार उठल्यावर बायकांना सारांश वाचून दाखवला. गिरजाबाईने तिच्या अंगठ्याचे वाक्य परत वाचायला लावले. शेवटचे वाक्य असे आहे: आठव्या बाईच्या घरी आम्ही तीनदा गेलो, घर बंद होते, ती का थांबली हे आम्हाला माहीत नाही.

तुमच्या शाईची सवय झाली आहे, ती तोडू नका.

तुमची,
मितू

*

महाड,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. मितू हीस,
आशीर्वाद.

तुझे पत्र खिशात घालून काल गोटीरामकडे गेलो. तोंडाने सांगवेना, म्हणून त्याच्या नातीच्या वहीचा कागद मागून घेतला आणि लिहिले: घर बंद दिसले. आत तुझी आई होती. दुसऱ्या दिवशी मी आलो नाही. खाली सही केली, तारीख घातली.

त्याने वाचले. मग उठून तो कागद आईच्या फोटोमागे ठेवला आणि मला म्हणाला, उद्या ये.

आज जाऊन आलो.

तुझा,
मामा