कयाकचा कॅप्टन मीच

११ नोव्हेंबर, सोमवार
रेणू पुढल्या सोमवारी हैदराबादले चालली, नोकरीवर. त्याच्या आधी रविवारी सकाळी शिवनाथ नदीवर कयाक चालवू म्हणते, बापलेक दोघंच. बाबा, तुमाले जमन ना, म्हणे. मले? तीस वर्षं रोलिंग मिल सांभाळली म्या! पोरगी दूर चालली, जीव कसातरी होऊन राहिला. पण जाताना बाप कसा होता, हे तिच्या ध्यानात पक्कं बसलं पायजे.
उद्यापासून पाचले उठणे. पन्नास दंड.

१२ नोव्हें., सकाळी ७.१०
थंडी लय. दंड सहा. दोन अर्धे झाले, ते मिळून एक धरला.

१३ नोव्हें.
दिवाणावर बसून झाडूनं वल्हवायची प्रॅक्टिस. बायको म्हणे, उलटं वल्हवून राहिले तुमी. मनकर्णाचं माहेर वैनगंगेच्या काठावर हाय खरं, पण कयाकमधलं तिले काय समजते? अर्धा तास समजावलं. ती भाजी निवडत होती.

१५ नोव्हें.
पोहता येते का, रेणूनं विचारलं. येत होतं, म्हटलं. खोटं नाही. कॉलेजात असताना विहिरीत पडलो होतो आन् वर आलो होतो. लोकाईनं काढलं, पण आलो ना वर!

१६ नोव्हें., संध्याकाळ
सेफ्टी फर्स्ट. हेल्मेट, सेफ्टी शूज, हातमोजे, शिट्टी. चेकलिस्टवर मनकर्णाची सही मागतली. नदीवर चालले का भट्टीवर, म्हणे. सही नाही केली.

१७ नोव्हें., रविवार, सकाळी ६.४०
नदी एकदम शांत. हवा नाही. नाववाला केवलराम हेल्मेट पाहून म्हणे, साहब, ऊपर से क्या गिरेगा? दुर्लक्ष केलं. समोरची सीट माझी. मनकर्णा बी आली, काठावर बसून पाहाले.

त्याच दिवशी, ७.२५
लोखंडी टोकाचा बूट नावेत अडकला. तो काढाले उभा राहिलो. एवढंच. कयाकची डिझाइन चुकीची हाय. पाणी कमरेइतकंच होतं, पण बुटात गाळ भरला, पाय उचलेच ना. नियमानुसार शिट्टी मारली. केवलरामनं काखेत हात घालून वढलं. बूट नदीतच राहिले.
एक तासाचे पैसे भरले, नाव रिकामी कावून ठेवा, म्हणून मनकर्णानं पदर खोचला आन् बसली. सपसप निघाल्या दोघी. लहानपणी डोंगा वल्हवत वावरात जायची म्हणे. मले कधी सांगितलं नाही. म्या विचारलं नाही, ते अलग.
टॉवेल गुंडाळून काठावरून सुपरव्हिजन करून राहिलो. वळणापलीकडून हसण्याचा आवाज येते. वाईट वाटलं. खोटं कावून लिहू?

१८ नोव्हें., दुर्ग स्टेशनवरून आल्यावर
गाडीत बसल्यावर रेणूनं फोन दाखवला. वॉलपेपरवर मीच! हेल्मेट, टॉवेल, तोंडात शिट्टी. काढ म्हटलं. नाही बाबा, म्हणे, घरची लय आठवण आली का हाच पाहीन.
म्हटलं, निदान वल्हं हातात असलेला लाव.
तसा एकही निघाला नाही म्हणे.